बोलणे आणि विद्यापीठ : वसईच्या बोलींच्या निमित्ताने

आपल्या विद्यापीठीय ज्ञानव्यवहारात ‘भाषा’ या संज्ञेला जी प्रतिष्ठा आहे ती ‘बोलणे’ या क्रियेला नाही. एम. ए. मराठीच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत ‘भाषा मूलतः मौखिक असते, लेखन हे तिचे दुय्यम रूप होय’ हे तत्त्व पहिल्याच पाठात सांगितले जाते आणि त्यानंतरचा सारा अभ्यास छापील उदाहरणांच्या आधारे पार पडतो. या विसंगतीकडे अध्यापकांचा आळस म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. तिची मुळे विद्यापीठे स्थापन होण्याच्याही आधीपासून चालत आलेल्या एका प्रक्रियेत आहेत. माणसाचे बोलणे अभ्यासविषय होताना प्रत्येक टप्प्यावर त्यातले काही ऐकले गेले आणि काही ऐकायचे राहिले. जे ऐकायचे राहिले ते कोणते, आणि का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी वसईचा पट्टा निवडला आहे.

ही निवड केवळ स्थानिक जिव्हाळ्याची नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या या भूभागात सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी समाजाची कादोडी, सामवेदी ब्राह्मणांची तिच्याशी नाते सांगणारी बोली, वाडवळी, कोळ्यांची व आगऱ्यांची बोली आणि डोंगराच्या बाजूला वारली अशा अनेक बोली एकमेकींच्या कानावर पडत नांदत आल्या आहेत. उत्तरेस गुजराती, दक्षिणेस मुंबई, आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता. मुख्य म्हणजे, उत्तर कोकणच्या या बोलण्याची नोंद सतराव्या शतकापासून थांबत थांबत का होईना होत आली आहे. आपल्याकडे बोलण्याचा अभ्यास कसा झाला याचे जवळजवळ सर्व प्रकार या एकाच पट्ट्यात पाहावयास मिळतात.

वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन सालांमधला काळ आपल्या इतिहासलेखनात किल्ल्याचा आणि धर्मांतराचा काळ म्हणून येतो. तो एका भाषिक अडचणीचाही काळ होता. परदेशातून आलेल्या धर्मोपदेशकाला येथील माणसाचे ऐकून घ्यावे लागत होते. प्रवचन पाठ करून म्हणता येते, पापनिवेदन मात्र ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाही तर विधीच निष्फळ ठरतो. गोव्याच्या १६०६ सालच्या प्रांतिक धर्मपरिषदेने स्थानिक भाषा येत असल्याशिवाय धर्मग्रामाची जबाबदारी देऊ नये असा आग्रह धरला तो याच निकडीतून. उच्चारल्याने कृती घडते अशा वाक्यांकडे ऑस्टिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तत्त्वज्ञांचे लक्ष वेधले. कबुलीच्या विधीत मात्र हे ज्ञान व्यवहाराच्या रूपाने आधीपासून होतेच.

या निकडीतून जी व्याकरणे झाली त्यांतले एक आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सतराव्या शतकात एका पोर्तुगीज धर्मोपदेशकाने रचलेले आणि हस्तलिखितात पडून राहिलेले हे व्याकरण कून्य रिव्हारा यांनी १८५८ साली गोव्याच्या सरकारी छापखान्यातून प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर त्याचे वर्णन ‘उत्तरेकडील बोलीतील कोंकणी भाषेचे व्याकरण’ असे केलेले आहे. ‘उत्तर’ म्हणजे पोर्तुगिजांचा उत्तर प्रांत. वसई ही त्याची राजधानी. लेखकाचे नाव त्यावर नाही. लॅटिन व्याकरणाचा साचा त्याने जसाच्या तसा उचललेला आहे, लिपी रोमन आहे, आणि आजच्या भाषावैज्ञानिकाला खटकतील अशा गोष्टी त्यात भरपूर आहेत. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. हा व्याकरणकार ग्रंथांची भाषा शिकवीत नाही. समोरच्या माणसाशी बोलता यावे एवढाच त्याचा हेतू आहे, आणि त्या हेतूपुरता तरी त्याचा कान उघडा आहे. त्याच शतकात, १६५९ साली, फ्रान्सिस्कू व्हाझ द गिमराइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे ख्रिस्ताच्या यातना व मरणाचे पुराण लिस्बनला छापले गेले. ते उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजासाठी होते आणि एकोणिसाव्या शतकातही मुंबईकडे त्याच्या आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ला मिळाले तेवढे लक्ष त्याला आपल्या वाङ्मयेतिहासांत मिळाले नाही. त्याची भाषा ग्रांथिक मराठीच्या जवळ गेली नाही, हे त्याचे एक कारण असावे.

या धर्मोपदेशकांच्या कामाकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. ज्या सत्तेने बोली शिकण्याचे हुकूम काढले त्याच सत्तेने १६८४ साली गोव्यात स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. दुसऱ्याचे बोलणे ऐकायचे ते त्याला बदलण्यासाठी, ही त्या ऐकण्यामागची अट होती. पण ऐकणे होते.

रोमला १७७८ साली छापलेल्या पोर्तुगीज भाषेतील मराठी व्याकरणाच्या शीर्षकातही याच दृष्टीचा अवशेष दिसतो. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी सर्वसामान्य मराठी, असे त्या भाषेचे वर्णन तेथे आहे. म्हणजे भाषेची ओळख तिच्या ग्रंथांवरून न देता ती कोठे चालते यावरून दिली आहे. यानंतर मात्र वारे फिरते. विल्यम कॅरी यांचे १८०५ चे व्याकरण, मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंग यांचे १८३६ चे व्याकरण यांतून मराठी ही शाळेत शिकवण्याची, परीक्षेत तपासण्याची भाषा होऊ लागली आणि बोलण्याचा संबंध शुद्धाशुद्धतेशी जोडला गेला. दादोबांना आपण मराठीचे पाणिनी म्हणतो. त्यांचे तर्खडकर हे आडनाव वसई तालुक्यातील तर्खड या गावावरून आले आहे. ज्या मराठीला त्यांनी नियम घालून दिले ती तर्खडच्या वाडीत बोलली जाणारी नव्हे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे शाळा होती आणि शाळेला एकच मराठी हवी होती. पण ज्या गावाचे नाव मराठी व्याकरणाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले, त्या गावाच्या बोलण्याला त्या व्याकरणात जागा नाही, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिल्या दशकातच उच्च परीक्षांमधून देशी भाषांना बाजूस सारून अभिजात भाषांना स्थान देण्यात आले. मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना शतकाच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधीचे त्यांचे १८९८ चे टिपण याच झगड्याचा भाग होय. या टिपणाचे स्वरूपच बोलके आहे. मराठी विद्यापीठात शिकवण्याजोगी आहे हे सिद्ध करायचे तर तिच्यात किती व कोणते ग्रंथ झाले हे दाखवणे भाग होते. प्रवेशाचे दार ग्रंथांच्या यादीने उघडले. आणि ज्या दाराने विषय आत येतो त्या दाराचा आकार त्याला चिकटतो, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याआधी १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृते, अपभ्रंश आणि अर्वाचीन भाषा यांचा जो सलग आलेख त्यांनी मांडला तो भारतीय विद्वत्तेतील एक मोठा टप्पा होता, याविषयी दुमत नाही. परंतु या आलेखात रूपे एकमेकांतून निघतात. ती कोणाच्या तोंडून, कोणाशी बोलताना निघाली हा प्रश्नच त्या शास्त्राला पडत नाही. बोलणारा माणूस वगळल्यानेच ध्वनिपरिवर्तनाचे नियम इतके स्वच्छ दिसतात. राजवाडे यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली तेव्हा उत्तर कोकणच्या वसाहतींचा, कुळांचा आणि भाषेचा प्रश्न त्यांनी विलक्षण ऊर्मीने पुढे आणला. माहीम, साष्टी, वसई हा सारा टापू त्या बखरीत आहे. तरी त्यांचाही आधार पोथीच होती, शेजारच्या गावचा बोलणारा नव्हे.

बोलणाऱ्यापर्यंत पोचण्याचा मोठा प्रयत्न सरकारी खात्यातून झाला. ग्रिअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण १८९४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९२८ पर्यंत चालले. १७९ भाषा व ५४४ बोली त्यात नोंदवल्या गेल्या. मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला आणि तो १९०५ साली निघाला. ठाणे जिल्ह्यातील कोळी, आगरी, किरिस्ताव यांच्या बोलींबरोबर वाडवळ, फुडगी, सामवेदी, वारली, काथोडी यांचीही दखल या खंडात आहे. विद्वानांच्या छापील जगात सामवेदी हे बोलीचे नाव म्हणून आले ते येथे. एवढ्या लहान बोलींना नाव आणि नमुना मिळाला हे या सर्वेक्षणाचे मोठे श्रेय, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाने ते कृतज्ञतेने वापरले आहे.

पण नमुना कसला? सर्वत्र एकच मजकूर भाषांतरित करून घ्यायचा अशी पद्धत ठरली होती, आणि तो मजकूर म्हणजे शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. तुलनेसाठी एक समान मजकूर हवा हे शास्त्रीय दृष्ट्या समजण्यासारखे आहे. त्याची निवडही अविचारी नव्हती : त्यात सर्वनामे आहेत, नात्याचे शब्द आहेत, क्रियापदांचे निरनिराळे काळ आहेत. मात्र या निवडीचे परिणाम फारसे तपासले गेलेले नाहीत. एक तर हा नमुना बहुधा सरकारी कर्मचाऱ्यांमार्फत मिळवलेला. म्हणजे बोलणारा एका अधिकाऱ्यासमोर, एका लिखित मजकुराचे, आपल्या बोलीत भाषांतर करीत आहे. अशा वेळी कोणीही जे बोलतो ते त्याचे रोजचे बोलणे नसते. दुसरे असे की वसईच्या ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट परकी नव्हती, ती देवळात ऐकलेली पवित्र गोष्ट होती. आणि पवित्र गोष्ट सांगताना माणूस आपली जीभ आवरून धरतो. डोंगरातल्या वारल्याला हीच गोष्ट सर्वस्वी अनोळखी. दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर जो फरक दिसेल त्यातला किती बोलीचा आणि किती गोष्टीशी असलेल्या नात्याचा, हे कसे ठरवायचे?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या दाखल्यात बाप बोलतो, धाकटा मुलगा बोलतो, थोरला मुलगा बोलतो, एक चाकर बोलतो. स्त्री बोलत नाही. आई तर कथेत नाहीच. म्हणजे सर्वेक्षणाच्या या सामायिक मजकुरात स्त्रीच्या तोंडचे एकही वाक्य नाही. जेथे बाईने पुरुषाशी, सासूने सुनेशी, सुनेने दिराशी कसे बोलावे यावर सर्वनामांचे आणि क्रियारूपांचे अर्धे राजकारण चालते, तेथे या अनुपस्थितीची किंमत किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको. विनोदाने असेही म्हणता येईल की जिवंत बापाकडे जमिनीचा वाटा मागणारा मुलगा वसईच्या वाडीत उभा राहिला असता तर त्या घरात किती आणि कसले बोलणे झाले असते! दाखल्यातला बाप मात्र एक शब्द न बोलता वाटणी करून देतो. बोलीच्या अभ्यासाला यापेक्षा मितभाषी कुटुंब मिळाले नसते.

सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट केली. कोनो यांनी उत्तर कोकणच्या बोलींना मराठीच्या कोकणी प्रमाणरूपाशी व त्याभोवतीच्या किरकोळ बोलींशी जोडले आणि खरी कोंकणी दक्षिणेकडे सुरू होते असे मानले. कून्य रिव्हारा यांनी १८५८ साली याच उत्तरेची जुनी बोली कोंकणी म्हणून छापली होती. पन्नास वर्षांच्या आत एका किनाऱ्याला दोन वंशावळी मिळाल्या. दोन्ही पुराव्यांमध्ये अडीच शतकांचे अंतर आहे, त्या काळात बोली बदलल्या असणार, स्थलांतरे झाली असणार, हे मान्य करूनही वर्गीकरणाच्या या हौसेचे नवल वाटते. पुढे सु. मं. कत्रे यांनी ‘द फॉर्मेशन ऑफ कोंकणी’ या ग्रंथात कोंकणीची स्वतंत्र ऐतिहासिक घडण मांडली आणि अ. का. प्रियोळकर यांनी ‘ग्रांथिक मराठी भाषा आणि कोंकणी बोली’ यात उलट बाजू लढवली. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला मान्यता दिली, १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत गेली. या वादात प्रियोळकरांसारख्या व्यासंगी संशोधकाने जुन्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा जो शोध घेतला तो अमोल आहे. पण वसईच्या बोलण्यापुरते पाहिले तर हा सारा वाद ‘ही बोली कोणाची’ यावर चालला. ‘ती बोलणारे तिच्यात काय करतात’ हा प्रश्न अनुच्चारितच राहिला. मोन्सिन्योर दाल्गाद यांनी १९०६ साली उत्तरेकडील हिंदी-पोर्तुगीज बोलीवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात निदान भाषांच्या मिश्रणाकडे तुच्छतेने पाहिलेले नाही. मराठीच्या अभ्यासकांनी तो निबंध क्वचितच हाताळला. पाव, चावी, घमेले, लिलाव, नाताळ हे शब्द कोठून आले हे सांगण्यापलीकडे पोर्तुगीज संपर्काचा विचार आपल्याकडे फार पुढे गेलेला नाही.

डेक्कन कॉलेजचे १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्थेत रूपांतर झाले आणि भाषाविज्ञानाला महाराष्ट्रात प्रथमच स्वतःचे घर मिळाले. कत्रे तेथे होते; चि. रा. शंकरन यांनी तेथे प्रायोगिक स्वनविज्ञानाची प्रयोगशाळा चालवली. आवाज यंत्रावर उमटू लागला. ही घटना क्रांतिकारक खरी, तथापि यंत्राला आवाज हवा असतो, बोलणाऱ्याचे गाव नको असते. १९५४ नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे भाषाविज्ञानाची उन्हाळी सत्रे भरू लागली आणि अमेरिकन वर्णनात्मक भाषाविज्ञान एका पिढीच्या हाती आले. या काळात भारतात काम केलेल्या दोघांचा उल्लेख आपल्या विषयाच्या संदर्भात अनिवार्य आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच समाजात एका भाषेची उच्च आणि नीच अशी दोन रूपे ठरावीक कामे वाटून घेऊन कशी नांदतात याचे विवेचन केले. जॉन गंपर्झ यांनी तर रॉबर्ट विल्सन यांच्यासह सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांची वाक्यरचना शेजारधर्माने किती एकरूप झाली आहे ते १९७१ साली दाखवून दिले. ज्या ग्रंथात हा निबंध आला त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमाशीच भाषामिश्रणाची प्रक्रिया असावी असा तर्क मांडला. ग्रंथाचे संपादक होते डेल हाइम्झ. भाषा म्हणजे नियमांची व्यवस्था एवढेच न मानता, कोणी कोणाशी केव्हा कसे बोलावे याच्या जाणतेपणाचा अभ्यास झाला पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९६२ पासून धरला होता. म्हणजे बोलण्याच्या अभ्यासाला जगभर जी नवी दिशा मिळाली तिच्या पायाभरणीत महाराष्ट्रातील एक गाव आहे. आपल्या किती मराठी विभागांत कुपवाडचे नाव या संदर्भात घेतले जाते?

फर्ग्युसन यांची मांडणी वसईला लावून पाहण्याचा मोह आवरत नाही. कुपारी घरात कादोडी. शाळेत, वृत्तपत्रात आणि देवळात प्रमाण मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनची जागा लोकभाषेने घ्यायची असे ठरले, तेव्हा वसईत ती लोकभाषा कादोडी किंवा वाडवळी झाली नाही, प्रमाण मराठी झाली. याला व्यवहाराचे कारण होते, कारण एकाच देवळात निरनिराळ्या बोली बोलणारे लोक येतात. त्यातून जे घडले ते साधे नाही. या समाजाने प्रमाण मराठीवर जो हक्क सांगितला तो शाळेइतकाच देवळातून आला. ‘सुवार्ता’सारखे मासिक, सिसिलिया कार्व्हालो यांचे लेखन, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे त्यांचे अध्यक्षपद या साऱ्यांमागे ही साठ वर्षांची भाषिक तालीम आहे. बोली दडपली गेली असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. प्रमाणभाषा येथे लादली गेली तशी कमावलीही गेली. फर्ग्युसन यांच्या मांडणीत उच्च आणि नीच रूपांची कामे वाटलेली असतात, पण एखादा समाज उच्च रूप आपले म्हणून कमावतो तेव्हा घरच्या बोलीशी त्याचे नाते कसे बदलते, याचे उत्तर त्या मांडणीत मिळत नाही. ते वसईत शोधता येईल.

अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला १९६३ पासून सिद्ध केली ती वर्णनात्मक पद्धतीचे आपल्याकडचे सर्वांत चिकाटीचे फळ होय. दक्षिण कानडा, कुडाळ, महाड, गोवा, कोचीन, कासारगोड असा तिचा पल्ला आहे. ठाण्याची वारलीही तीत आहे. वसई किनाऱ्यावरच्या बोलींना मात्र तीत स्वतंत्र पुस्तक मिळाले नाही. स्वनविचार, रूपविचार, काही सलग उतारे, शब्दसंग्रह असा या पुस्तकांचा ठरीव घाट आहे. ग्रिअर्सनच्या दाखल्याऐवजी येथे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या गोष्टी आल्या, हे मोठेच पाऊल. पण गोष्ट सांगणारा एकटाच आहे, ऐकणाऱ्याने मध्ये काय म्हटले ते पुस्तकात नाही. संवादाचे रूपांतर निवेदनात झाल्याखेरीज त्याला ‘उतारा’ म्हणून दर्जा मिळत नव्हता. ना. गो. कालेलकर यांनी ‘ध्वनिविचार’, ‘भाषा आणि संस्कृती’, ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकांतून हे शास्त्र इतक्या नितळ मराठीत आणले की त्या मराठीचा हेवा वाटावा. परंतु विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून घेतल्या त्या व्याख्या. कान लावून ऐकण्याची त्यांची सवय परीक्षेत विचारता येत नसल्याने मागे पडली.

येथे थोडे बाहेर डोकावणे उपयुक्त होईल. अमेरिकेत १९१४ साली वक्तृत्वाच्या सतरा अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांच्या संघटनेतून बाहेर पडून स्वतःची संघटना काढली आणि त्यातून ‘स्पीच’ या नावाचे स्वतंत्र विभाग विद्यापीठांत उभे राहिले. वक्तृत्व, वादविवाद, नाट्यवाचन, वाग्दोषांवरील उपचार, पुढे जनसंज्ञापन असे सारे काही काळ एका छपराखाली होते. आपल्याकडे असे छप्पर कधी नव्हतेच. ध्वनी भाषाविज्ञानाकडे गेला, संवाद नाट्यशास्त्राकडे, वृत्तपत्र व नभोवाणी संज्ञापनविद्येकडे, आणि अडखळणारी जीभ वैद्यकाकडे. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात श्रवण व वाचा उपचारांचे शिक्षण सुरू झाले, १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मराठी विभागांना या संस्थांची गरज कधी वाटली नाही. त्यांनाही मराठी विभागांची वाटली असे दिसत नाही. पण प्रश्न दोघांचा एकच आहे. आगरी किंवा कोळी घरातले मूल ‘फळ’ला ‘फल’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. हा वाग्दोष की बोलीचा नियम? बोलीचा नियम हे भाषावैज्ञानिकाला ठाऊक आहे. मूल मात्र उपचारकासमोर किंवा शिक्षकासमोर बसलेले आहे. जे ज्ञान एका विभागाच्या ग्रंथालयात आहे ते दुसऱ्या विभागाच्या टेबलावर पोचत नाही, आणि त्याची किंमत सात वर्षांचे पोर आपल्या आईसारखे बोलल्याबद्दल मोजते.

अशोक केळकर यांनी हे तुटलेपण ओळखले होते. मराठीच्या स्वनव्यवस्था व रूपव्यवस्थेवर कॉर्नेलमध्ये १९५८ साली प्रबंध पूर्ण करून आलेल्या या भाषावैज्ञानिकाने पुढे साहित्यमीमांसा, चिन्हमीमांसा आणि भाषेचे अर्थकारण यांना एका विचारात गोवण्याचा प्रयत्न केला. १९८३ साली सुरू झालेल्या मराठी अभ्यास परिषदेच्या त्रैमासिकाला ‘भाषा आणि जीवन’ हे नाव मिळाले आणि त्याच सुमारास त्यांच्या लेखसंग्रहाला ‘वैखरी’ हे. परा, पश्यंती, मध्यमा यांच्या गूढ उंचीवरून खाली उतरून जी कानाला ऐकू येते ती वाणी शीर्षकस्थानी आणणे ही भूमिका होती. समीक्षेने केळकरांकडून संज्ञा घेतल्या. त्यांचा हा क्रम तिने मानला असे म्हणवत नाही. आपली शैलीमीमांसा कादंबरीतील संवादांना ‘बोलीचा वापर’ या एका मथळ्याखाली गुंडाळते आणि बोली आली की अस्सलपणा आला असे गृहीत धरते. पात्र कोणाशी बोलताना बोली सोडते, कोठे पुन्हा धरते, याकडे लक्ष गेले तरच त्या संवादात काय चालले आहे ते कळेल.

वास्तविक मराठी गद्याचा आरंभच बोलणे टिपण्याच्या ध्यासातून झाला. चक्रधरांच्या बोलण्याची आठवण शिष्यांकडून गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. प्रसंग कोठे घडला, कोण समोर होते, कोणी काय विचारले, हे तेथे उत्तराइतकेच महत्त्वाचे मानलेले आहे. एकाच लीळेची निरनिराळी स्मरणे त्या परंपरेने ‘वासना’ म्हणून वेगळी नोंदवली, आणि त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणाला मान आहे. ग्रिअर्सनच्या दाखल्यात जे नव्हते ते येथे सहा शतके आधी होते : प्रसंग, श्रोता आणि स्त्रीचा कान. आपण मात्र ‘लीळाचरित्र’ शिकवतो ते आद्य गद्यग्रंथ म्हणून. त्याची पद्धती शिकवत नाही. रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जासाठीही पुन्हा प्राचीन लिखित पुरावाच मांडावा लागला, रानड्यांना मांडावा लागला होता तसा.

दरम्यान डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावच्या माणसांचे ध्वनिमुद्रित बोलणे आता संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येते. त्याआधी गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली आला, आणि त्यात बोलीविषयी त्या त्या समाजातल्या माणसांनीच लिहावे हा आग्रह होता. जनगणनेच्या तक्त्यांत या बोली बहुतेक मराठीच्या एकत्रित आकड्यात विरून जातात, म्हणून या दोन्ही उपक्रमांचे महत्त्व अधिक. त्यांच्या मर्यादांची चर्चा व्हायला हवी. ती येथे करत नाही.

वसई-विरारची लोकसंख्या २०११ साली बारा लाखांच्या वर गेली. महानगरपालिका २००९ साली झाली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि कादोडी, वाडवळी बोलणाऱ्याला जिन्यावर हिंदी बोलावी लागू लागली. केळी, भाजी आणि फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या बायका गिऱ्हाइकाशी एक, आपसांत दुसरी आणि तिकीट तपासनिसाशी तिसरी भाषा बोलत आल्या आहेत. हे बोलणे कोणत्याही व्याकरणात, खंडात वा मालेत नाही. वसईतल्या महाविद्यालयांत मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकींच्या आजीला ते येते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत वीस गुण प्रकल्पासाठी राखले आणि त्यात आजीचे तासभराचे बोलणे, तिला प्रश्न विचारणाऱ्या नातीच्या आवाजासकट, ध्वनिमुद्रित करून लिप्यंतरित करायला सांगितले तर नियमावलीत काहीही बदलावे लागणार नाही. तपासणाऱ्याला मात्र ते ऐकावे लागेल.